अल्सरची संरक्षक औषधं: डोस बरोबर, वेळ चुकीची

अल्सरच्या जखमेवर लेप धरणाऱ्या सुक्राल्फेट या औषधाची बाटली हातात पडते. लेबलवर ‘दिवसातून चार वेळा’ असं लिहिलेलं असतं. माणूस सवयीने ते चार डोस नाश्ता, दोन जेवणं आणि झोप यांच्यात वाटून टाकतो आणि प्रत्येक वेळी खाऊन झाल्यावरच औषध घेतो. महिना उलटतो, पोटातली आग तशीच राहते, आणि ‘हे औषध लागू पडलं नाही’ असा शेरा मारून बाटली बाजूला पडते. खरं तर ते लागू पडलेलं असतं, फक्त जखमेऐवजी जेवणाला.

हा लेख अल्सरचं निदान झालेल्या आणि डॉक्टरांनी औषध लिहून दिलेल्या माणसांसाठी आहे. आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो त्यात छातीतली जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, कधी डोकेदुखीही येते. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तरात पडलेली प्रत्यक्ष जखम. तिची खात्री दुर्बिणीच्या तपासणीने, म्हणजे एंडोस्कोपीने होते. नुसत्या पित्तावर स्वतःहून ही औषधं सुरू करण्यासाठी पुढचं वेळापत्रक वापरू नका.

आधी हे वाचा. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी-चिकट आणि उग्र वासाची शौच, अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन पोट लाकडासारखं कडक होणं, घेरी येऊन पडणं: यातलं काहीही झालं तर औषधाच्या वेळा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. खाल्लेलं पुन्हा पुन्हा उलटून पडत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल किंवा गिळताना घास अडकत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

## १. चिठ्ठीतली औषधं कामानुसार वेगळी करा

अल्सरच्या चिठ्ठीत तीन-चार औषधं असतात आणि घरात सगळ्यांना ‘पोटाची गोळी’ हे एकच नाव मिळतं. गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. प्रत्येक पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचा आणि ते खालीलपैकी कोणत्या गटात बसतं ते लिहून ठेवा.

- आम्ल बनणंच कमी करणारी: ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल, वेगळ्या पद्धतीने काम करणारं फॅमोटिडीन.
- बनलेलं आम्ल मारणारी: अँटासिडच्या चघळायच्या गोळ्या आणि पातळ औषधं.
- संरक्षक: सुक्राल्फेट, बिस्मथ, मिसोप्रोस्टॉल; काही देशांत रेबामिपाइडही.
- जंतू मारणारी: अँटिबायोटिक, ठरावीक दिवसांचीच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आज अल्सर भरून आणण्याचं मुख्य काम पहिला गट करतो. संरक्षक औषधं बहुतेकदा जोडीला असतात किंवा विशिष्ट कारणासाठी दिलेली असतात. म्हणून ‘लेपाचं औषध चालू आहे ना, मग पॅन्टोप्राझोल कशाला’ असं म्हणून पहिला गट परस्पर बंद करणं ही मोठी चूक आहे.

मग संरक्षणाची गरज का पडते? जठराच्या अस्तरावर बुळबुळीत पदार्थाचा पातळ थर असतो आणि त्यात पेशींनी सोडलेलं, आम्ल मारणारं बायकार्बोनेट अडकलेलं असतं. जठराच्या पोकळीत आम्लतेचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ ते २ इतका खाली असला, तरी या थराखाली पेशींच्या पृष्ठभागाशी तो ७ च्या आसपास राहतो. अल्सरच्या जागी हा थर आणि त्याखालचं अस्तर, दोन्ही गेलेलं असतं. जखम भरायची तर कडेच्या पेशींना आत सरकावं लागतं, तळाशी नव्या रक्तवाहिन्या आणि नवी ऊती तयार व्हावी लागते. आम्ल आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिन मात्र ती कोवळी भर पुन्हा पुन्हा खरवडत राहतात. संरक्षक औषध त्या कामावर छप्पर घालतं, किंवा शरीराला स्वतःचा थर पुन्हा उभारायला मदत करतं.

तपासा: प्रत्येक पाकिटापुढे गटाचं नाव लिहून झालं का? दोन वेगवेगळ्या नावांखाली एकच मूळ औषध तर नाही ना?

## २. जखम कशाने झाली ते विचारून घ्या

बहुतेक अल्सरमागे दोनच कारणं सापडतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, किंवा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामकं. कारण तसंच ठेवून वर लेप लावला, तर जखम भरते आणि पुन्हा उघडते.

जंतूची तपासणी झाली आहे का आणि निकाल काय आला, हे डॉक्टरांना थेट विचारा. ती श्वासाच्या चाचणीने, शौचाच्या नमुन्यातून किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यावरून होते. जंतू सापडला तर अँटिबायोटिकचा कोर्स, बहुधा १४ दिवसांचा, संपूर्ण घ्यावा लागतो. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबलात, तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याची शक्यता वाढते.

वेदनाशामकांबाबत लोक हमखास दोन ठिकाणी फसतात. पहिलं, ‘ही गोळी आतड्यात विरघळणारी आहे, पोटाला त्रास नाही’ हा समज. ही औषधं रक्तात गेल्यावरही अस्तराचं रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्यामुळे गोळीला आवरण असलं, किंवा तेच औषध इंजेक्शनने घेतलं, तरी धोका टळत नाही. दुसरं, दातदुखी, सर्दी, पाठदुखी यांच्या मिश्र गोळ्या. त्यात यातलंच एखादं औषध दडलेलं असतं आणि अल्सरचा कोर्स चालू असताना ते बिनदिक्कत घेतलं जातं.

इशारा: हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर दिलेली ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधं स्वतःहून बंद करू नका. ती चालू ठेवायची, बदलायची की काही दिवस थांबवायची, हे दोन्ही बाजूंचे धोके तोलून डॉक्टरच ठरवतात. आपलं काम एवढंच, की अल्सरवर उपचार करणाऱ्याला ही औषधं चालू असल्याचं पहिल्याच भेटीत सांगायचं.

## ३. पहिल्या डोसाआधी या गोष्टी सांगा

मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो सर्वांत आधी. सुक्राल्फेटमध्ये ॲल्युमिनियम असतं. त्यातलं थोडंसंच रक्तात जातं, पण मूत्रपिंडं थकलेली असतील तर तेही साचत जातं. ॲल्युमिनियमवालं अँटासिड जोडीला असेल तर आणखी. बिस्मथलाही हीच अडचण आहे.

गर्भवती असाल, दिवस राहण्याची शक्यता असेल किंवा तसा विचार चालू असेल, तर मिसोप्रोस्टॉलचं नाव चिठ्ठीत दिसताच थांबा आणि विचारा. कारण सातव्या टप्प्यात आहे.

याशिवाय: मधुमेह (पातळ सुक्राल्फेटच्या काही औषधांत साखर असते), गिळण्याचा त्रास, जठर हळू रिकामं होण्याचा विकार, ॲस्पिरिनची ॲलर्जी आणि रोज चालू असलेलं प्रत्येक औषध. यादी कागदावर न्या. तोंडी सांगताना थायरॉइडची गोळी हमखास राहून जाते, आणि या वेळापत्रकात सर्वांत जास्त अडचण तीच करते.

## ४. सुक्राल्फेट कसं चिकटतं ते समजून घ्या

ही पायरी ओलांडू नका. हे एकदा कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

सुक्राल्फेट आम्लात गेलं, पीएच साधारण ४ च्या खाली असला, की ते घट्ट, चिकट लगद्यात बदलतं. त्याचा विद्युतभार ऋण असतो. अल्सरच्या तळाशी उघड्या पडलेल्या प्रथिनांवर धन भार असतो, म्हणून लगदा निरोगी अस्तरापेक्षा जखमेला जास्त धरतो. एकदा बसलेला हा लेप सुमारे ६ तास टिकू शकतो. त्याखाली आम्ल आणि पेप्सिन सहज पोचत नाहीत. शिवाय हे औषध तिथल्या प्रोस्टाग्लँडिनला आणि ऊती वाढवणाऱ्या घटकांनाही हातभार लावतं. रक्तात ते जवळपास जातच नाही. सगळं काम जागेवर होतं.

यातून तीन नियम निघतात.

पोट रिकामं हवं. जेवणातही प्रथिनं असतात आणि लगद्याला जेवणातलं प्रथिन आणि जखमेतलं प्रथिन यातला फरक कळत नाही. म्हणून जेवणाआधी एक तास, किंवा जेवणानंतर निदान दोन तासांनी. दूध हेही अन्नच आहे. दुधाबरोबर गोळी घेणं म्हणजे ती वाया घालवणं.

आम्ल हवं. विचित्र वाटेल, पण ज्या आम्लामुळे त्रास होतो तेच या औषधाला जागं करतं. म्हणून अँटासिड आणि सुक्राल्फेट यांच्यात दोन्ही बाजूंनी किमान अर्धा तास ठेवा. जळजळ वाढली की दोन्ही एकदम घेण्याचा मोह होतो. तिथे एक औषध दुसऱ्याला निष्प्रभ करतं.

थोडं पाणी पुरे. गोळी मोठी असते. गिळायला जड जात असेल तर ती थोड्या पाण्यात विरघळू द्या, ढवळा आणि पिऊन टाका. पातळ औषध असेल तर बाटली नीट हलवा, नाहीतर पहिल्या आठवड्यात पाणी आणि शेवटच्या आठवड्यात गाळ पोटात जातो.

तपासा: मागच्या तीन दिवसांत किती डोस खरोखर रिकाम्या पोटी गेले? निम्म्याहून कमी असतील, तर औषध बदलून मागण्याआधी वेळ बदला.

## ५. दिवस घड्याळावर आखा

सुक्राल्फेटचा नेहमीचा डोस म्हणजे १ ग्रॅम, दिवसातून चार वेळा: तिन्ही खाण्यांआधी तासभर आणि झोपताना. काहींना २ ग्रॅम दिवसातून दोनदा देतात. चार वेळा जमणारच नाही अशा माणसाने हा पर्याय जरूर विचारावा. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात सकाळच्या एका तासात दोन-तीन औषधं रिकाम्या पोटासाठी भांडतात.

पॅन्टोप्राझोलसारखी गोळी अनशापोटी, नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची असते. ती फक्त चालू असलेले आम्लाचे पंप बंद करते आणि ते पंप खाण्याने चालू होतात. म्हणून गोळी घेऊन मग न खाणंही चुकीचं. शिवाय ती सुक्राल्फेटच्या निदान अर्धा तास आधी जायला हवी. आता हिशेब करा: गोळी, अर्ध्या तासाने सुक्राल्फेट, त्यानंतर तासाने नाश्ता. गोळी आणि नाश्ता यांत दीड तास पडतो. म्हणजे एकाची वेळ पाळताना दुसऱ्याची चुकते.

मला यातली सोयीची वाट अशी वाटते, की सुक्राल्फेटचा पहिला डोस नाश्त्याआधी घेण्याचा हट्ट सोडून तो नाश्त्यानंतर दोन तासांवर न्यावा. नमुना असा:

- ७:३० पॅन्टोप्राझोल
- ८:१५ नाश्ता
- १०:३० सुक्राल्फेट
- १:०० जेवण
- ३:३० सुक्राल्फेट
- ७:०० सुक्राल्फेट
- ८:०० जेवण
- १०:३० सुक्राल्फेट, मग झोप

हा नमुना आहे, आदेश नव्हे. तुमच्या जेवणाच्या वेळा टाकून नवा कागद बनवा आणि डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला दाखवून होकार घ्या. पाळी बदलणारी नोकरी असेल तर घड्याळाऐवजी ‘जागं झाल्यावर’, ‘खाल्ल्यावर दोन तास’ अशा खुणा लिहा.

झोपतानाचा डोस लोक सर्वांत जास्त चुकवतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा: रात्रभर पोट रिकामं असतं, आम्ल झरत असतं आणि लेपाला मध्ये अन्न आडवं येत नाही. मात्र रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांच्यात दोन तास नसतील तर तो फायदा जातो. डोस चुकला आणि पुढचा जवळ आला असेल, तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

इशारा: ओमेप्राझोल गटातल्या आवरणाच्या गोळ्या फोडू, चावू किंवा कुटू नका. आवरण गेलं की जठरातलं आम्लच त्यांना निकामी करतं. सुक्राल्फेट विरघळवून घेता येतं म्हणून शेजारची गोळीही त्याच पाण्यात टाकली जाते. ही चूक दिसते त्यापेक्षा महागात पडते.

## ६. बाकीच्या औषधांना अंतर द्या

सुक्राल्फेटचा चिकटपणा औषधांनाही सोडत नाही. पोटात त्याच्याबरोबर गेलेलं औषध त्यात अडकतं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या गटातली अँटिबायोटिक, टेट्रासायक्लिन, हृदयाचं डिगॉक्सिन, फिट्सचं फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, बुरशीवरचं किटोकोनाझोल यांच्याबाबतीत हे घडतं. सर्वसाधारण नियम: दुसरं औषध आधी, सुक्राल्फेट किमान दोन तासांनी. फिट्सचं किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर नुसत्या अंतरावर विसंबू नका, सुक्राल्फेट सुरू करताना आणि बंद करतानाही डॉक्टरांना कळवा. दोन्ही वेळी रक्तातली पातळी हलू शकते.

थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनला दोन तास पुरत नाहीत, चार तास लागतात. वरच्या नमुन्यात ती गोळी ६:३० ला घेतली तर १०:३० चा सुक्राल्फेट बरोबर चार तासांवर येतो. पहिला डोस नाश्त्यामागे ढकलण्याचं दुसरं कारण हेच.

तपासा: कागदावर प्रत्येक सुक्राल्फेटच्या आधीचे दोन तास पेन्सिलीने रंगवा. त्या पट्ट्यात दुसरं कुठलं औषध येतं का?

## ७. मिसोप्रोस्टॉल आणि बिस्मथ: नियम उलटे

सुक्राल्फेटचा ‘रिकामं पोट’ हा धडा इथे आणू नका.

मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनचं कृत्रिम रूप आहे. ते आम्ल कमी करतं आणि बुळबुळीत थर व बायकार्बोनेट वाढवतं. वेदनाशामकं ज्या द्रव्याची निर्मिती रोखतात त्याचीच ही भरपाई. म्हणून ते मुख्यतः अशा माणसांना दिलं जातं ज्यांना वेदनाशामक थांबवता येत नाही. डोस सहसा २०० मायक्रोग्रॅम, दिवसातून चार वेळा, आणि तो अन्नाबरोबर, कारण त्याने जुलाब कमी होतात. जुलाब हा त्याचा ठरलेला त्रास आहे, सुरुवातीला जास्त असतो. मॅग्नेशियमवालं अँटासिड जोडीला घेतलं की तो वाढतो.

इशारा: मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावतं, गर्भपात होऊ शकतो. गर्भवतीने ते अल्सरसाठी घेऊ नये. दिवस राहू शकतात अशा स्त्रीला ते द्यायचं तर आधी गर्भचाचणी आणि पूर्ण काळ खात्रीचं गर्भनिरोधन लागतं, बंद केल्यावरही निदान एक महिना. स्वतःच्या पाकिटातली गोळी घरातल्या दुसऱ्या कुणाला कधीही देऊ नका.

बिस्मथ जखमेवर थर धरतं आणि वर जंतूलाही मारतं, म्हणून ते बहुधा अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये दिसतं. वेगवेगळ्या बनावटींच्या वेळा वेगळ्या असतात, काही जेवणाआधी तर काही जेवणानंतर. इथे पाकिटावरचं लिखाण हाच नियम. बिस्मथ सबसॅलिसिलेट असेल तर ते ॲस्पिरिनच्या नात्यातलं आहे: ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी टाळावं, आणि ताप-फ्लू किंवा कांजिण्या असलेल्या मुलांना देऊ नये.

बिस्मथने जीभ आणि शौच काळी होते. घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. औषधाने काळी झालेली शौच नेहमीच्याच घट्टपणाची असते. रक्तस्रावाची शौच चकचकीत, डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असते, आणि सोबत घेरी किंवा धाप असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. शंका असेल तर थांबू नका, दाखवा.

## ८. दुखणं थांबणं आणि जखम भरणं यात गल्लत करू नका

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दुखणं ओसरतं आणि इथेच सर्वाधिक कोर्स तुटतात. आम्ल कमी झालं की वेदना लवकर शमते. ऊती भरायला तिचा वेळ लागतोच. आतड्याच्या अल्सरला साधारण ४ आठवडे, जठराच्या अल्सरला ८ आठवडे औषध धरलं जातं. कॅलेंडरवर शेवटची तारीख आजच लिहा.

सुक्राल्फेटने बद्धकोष्ठता होऊ शकते, तेवढं पाणी वाढवा. तीन-चार दिवस पोट साफच होत नसेल तर कळवा. विशिष्ट पथ्याने अल्सर भरतो असं नाही. ज्याने त्रास होतो ते टाळा, बाकी नीट जेवा. धूम्रपानाने मात्र जखम भरायला खरोखर उशीर होतो. दोन महिने तरी सोडा, पुढचं नंतर पाहू असं म्हणून का होईना.

## ९. कोर्स संपल्यावर खात्री करून घ्या

जंतू होता, तर तो गेला का हे पाहावंच लागतं. ही चाचणी अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपल्यापासून किमान ४ आठवड्यांनी आणि पॅन्टोप्राझोलसारखी गोळी २ आठवडे बंद ठेवून करतात. लवकर केली किंवा गोळी चालू ठेवून केली, तर जंतू असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण जंतू गेल्यावरही प्रतिपिंडं बराच काळ रक्तात राहतात.

जठराचा अल्सर असेल तर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालायला सांगतात. ‘आता दुखत नाही, मग नळी कशाला’ असं म्हणून ती टाळली जाते. पण जठरातला कर्करोगही कधी अल्सरसारखाच दिसतो आणि औषधाने त्याचं दुखणंही कमी होऊ शकतं. न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासल्याशिवाय फरक कळत नाही. आतड्याच्या साध्या अल्सरला ही गरज सहसा नसते.

चाचणीआधीचे ते दोन आठवडे गोळीविना काढताना जळजळ परत येऊ शकते. अशा वेळी साधं अँटासिड चालेल का आणि चाचणीच्या किती वेळ आधी तेही थांबवायचं, हे तारीख ठरवतानाच विचारून त्याच कागदावर लिहून घ्या.